संगणकातील तारा : शक्तीच्या आणि संदेशाच्या



आमच्या अहेरीतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याने संगणकाचे सुटे भाग मागवले आणि घरीच जोडले. बटण दाबताच पंखे फिरू लागले, पण पडद्यावर काहीच उमटेना. मदरबोर्ड जळाला असे समजून त्याने अख्खा संगणक खोक्यात भरला आणि आष्टी, गोंडपिपरी करीत एस.टी.ने चंद्रपूर गाठले. शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास! तिथल्या कारागिराने झाकण उघडले, लोंबकळणारी एक केबल जागेवर दाबली आणि पडदा उजळला.

मग वीज मिळत नव्हती, तर पंखे कसे फिरले? हे समजले, की जोडणीतले निम्मे भय जाते.

संगणकाच्या पेटीत तारांचे जंजाळ दिसते. पण त्यांचे वर्ग दोनच. काही तारा शक्ती वाहतात, काही संदेश. आधी शक्तीच्या तारा पाहू.

घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून पॉवर सप्लायची डबी १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा दिष्ट प्रवाह तयार करते. मदरबोर्डला तो २४ पिनांच्या रुंद कनेक्टरमधून मिळतो. पंखे त्यावरच फिरतात. प्रोसेसरची भूक मात्र मोठी असते, म्हणून त्याच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी केबल असते. ती बहुधा ८ पिनांची असून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसते. आमच्या विद्यार्थ्याची हीच राहिली होती.

येथे एक गंमत आहे. प्रोसेसर चालतो जेमतेम १ व्होल्टच्या आसपास. मग त्याला १२ व्होल्ट कशाला? समजा, प्रोसेसर ६५ वॉट शक्ती घेतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. १ व्होल्टने पाठवायचे तर तारांतून ६५ ॲम्पिअर न्यावे लागतील; १२ व्होल्टने सुमारे साडेपाच ॲम्पिअर पुरतात. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून प्रवाह कमी ठेवणे फायद्याचे. प्रोसेसरच्या अगदी शेजारी आल्यावर बोर्डावरील मंडल दाब उतरवते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची दिष्ट प्रवाहाची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिचा दाब ५०० किलोव्होल्ट. तत्त्व तेच. फरक अंतराचा आणि आकड्यांचा!

आता कनेक्टर अर्धवट बसला तर काय होते, ते गणितानेच पाहू. एका पिनेतून ४ ॲम्पिअर प्रवाह जातो असे धरा. पिन पक्की बसली असून स्पर्शाचा रोध ०.०१ ओहम असेल, तर उष्णता ४ × ४ × ०.०१ = ०.१६ वॉट. पिन सैल राहून रोध ०.२ ओहम झाला, तर तीच ३.२ वॉट होते, आणि तीही मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत! प्लास्टिक वितळते ते असे. म्हणून आधी खाचा जुळवा, कनेक्टर सरळ धरा आणि मगच खटका 'टक्' वाजेपर्यंत दाबा. खाच जुळत नसताना जोर लावू नका.

जोर का लावायचा नाही? प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारखीच. परंतु एकीत जिथे १२ व्होल्ट, तिथे दुसरीत शून्याची तार असते. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, म्हणून चूक सहसा होत नाही. बळजबरी केलीत तर मात्र थेट लघुपथन! दुसरी सावधगिरी अशी, की काही पॉवर सप्लायच्या केबली दोन्ही टोकांनी निघतात. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या डबीला कधीही लावू नका. ती सहज बसेल, पण डबीकडील पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क क्षणात जळू शकते. आकार जुळला म्हणजे जोडणी बरोबर, असे येथे समजू नये.

आता संदेशाच्या तारा. जुन्या संगणकांत डिस्कला ४० छिद्रांच्या कनेक्टरची रुंद पट्टी असे. आजच्या साटा केबलीत फक्त ७ तारा असतात, तरी ती कितीतरी वेगवान! त्यांपैकी ३ शून्याच्या आणि ४ म्हणजे दोन जोड्या संदेशाच्या. जोडीतील एका तारेत दाब वाढला, की दुसरीत तेवढाच घटतो. पलीकडे दोहोंतील फरक मोजतात. बाहेरून शिरलेला विद्युत गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असल्याने वजाबाकीत नाहीसा होतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून तारा बारीक चालतात.

सर्वांत गोंधळ उडवतात त्या पेटीच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या सुट्या तारा. त्यांना खाचाच नसतात. बोर्डाच्या पुस्तिकेतील आकृती पाहूनच त्या लावाव्यात. बटण उलटसुलट कसेही लावले तरी चालते, कारण ते दोन पिना क्षणभर जोडण्यापलीकडे काही करीत नाही. त्यावरून बोर्ड २४ पिनांतील एक तार शून्याला जोडतो आणि डबी जागी होते. दिवा मात्र डायोड आहे. तो एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. पेटला नाही तर टोके बदला, नुकसान काही होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी भिंतीतील प्लग काढा. संगणक बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्ट मिळतच असतात. अंगावरील स्थिरविद्युत जावी म्हणून पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. कोरड्या हवेत याची गरज अधिक. पेटीला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग तुटलेले असू शकते. ते जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. आणि पॉवर सप्लायची डबी कधीही उघडू नका. तिच्यातील धारित्रांवर ३०० व्होल्टहून अधिक दाब प्लग काढल्यावरही काही काळ राहतो.

शेवटी तारा पंख्यांपासून दूर बांधा आणि झाकण लावण्याआधी प्रत्येक कनेक्टरवर बोट ठेवून मोजा : बोर्ड, प्रोसेसर, डिस्क, पंखे, बटण. या दोन मिनिटांत चंद्रपूरची फेरी वाचेल!

तुमच्यासाठी एक गणित : एका ग्राफिक्स कार्डाला ८ पिनांच्या केबलीतून १५० वॉट मिळतात. १२ व्होल्टच्या तारा तीनच आहेत. प्रत्येक तारेतून किती प्रवाह जाईल? उत्तर काढा, आणि वर आपण ४ ॲम्पिअर का धरले ते तुमच्या लक्षात येईल.