गुडघ्याचे टक्के

अपंगत्वाच्या दाखल्यावर जो आकडा असतो तोच भरपाईचा आकडा, असे जिनिंगमधल्या जवळपास प्रत्येकाला वाटते. मालकाला आणि विमा कंपनीलाही ते तसे वाटलेले चालते.

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. ऐन हंगामात वरच्या फलाटावरून पडलो आणि उजव्या गुडघ्याखालचे हाड सांध्यातच फुटले. प्लेट बसली, हाड जुळले. गुडघा मात्र नव्वद अंशांवर अडला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कोनमापक लावले. “वाकवा भाऊ, अजून थोडा.” वाकेना. दाखला मिळाला 18 टक्क्यांचा.

डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या मोजणीत खुबा, गुडघा आणि घोटा यांना सारखेच वजन, प्रत्येकी 0.30. एकशे चाळीस अंश वाकणारा गुडघा नव्वदवर थांबला तर वाकणे गेले साधारण 35 टक्के, त्याला 0.30 ने गुणले की उरतात अकराच्या आसपास. त्यात स्नायूंची ताकद आणि पायाची स्थिरता यांचे टक्के मिळवून आकडा येतो. सपाट जमिनीवर चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात, म्हणून कागदावर मी बराच धडधाकट दिसत होतो. पण जिनचा रोलर काढायला उकिडवे बसावे लागते, आणि त्याला एकशे वीसच्या पुढे गुडघा वाकावा लागतो. दाखला पाय मोजतो, पायाने होणारे काम मोजत नाही.

कायदा मात्र कामच मोजतो. कर्मचारी भरपाई कायदा 1923 चा. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून. 1923 च्या कायद्याच्या कोष्टकात तुटलेल्या अवयवांचे टक्के ठरलेले आहेत. मांडीच्या मध्याखालपासून गुडघ्याखाली 8.89 सेंटिमीटरपर्यंत कुठेही पाय कापावा लागला तर 60 (साडेतीन इंचांचे हे सेंटिमीटर, कोणी गोल करायचे मनावर घेतले नाही). आखडलेला गुडघा त्या कोष्टकात नाही. अशा वेळी कमाईची क्षमता कायमची किती गेली हे डॉक्टरांनी ठरवायचे, कोष्टकावर नजर ठेवून. म्हणून डॉक्टरांकडे नुसता एक्स-रे घेऊन जाऊ नका. काम काय, किती वेळ उकिडवे बसता, शिडी किती वेळा चढता, वजन किती उचलता, हे एका कागदावर लिहून न्या आणि यातले काय आता होणार नाही ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तो कागद फाईलला लावून भागत नाही. डॉक्टर साक्षीला यायला हवेत. समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारतो की हा माणूस बसून दुसरे काम करू शकतो की नाही. माझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितले, करू शकतो, पण फिटरचे नाही.

1975 सालच्या प्रतापनारायण सिंह देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाई पूर्ण गेली असे धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आमच्या वकीलसाहेबांनी तोच निकाल पुढे केला आणि कर्मचारी भरपाई आयुक्तांनी माझे 40 टक्के धरले. फरक किती पडतो पाहा: 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये. त्याचे 60 टक्के 9,000. वयाच्या चाळिशीला कायद्यातला गुणक 184.17. गुणाकार 16,57,530. त्याचे 18 टक्के होतात 2,98,355, आणि 40 टक्के 6,63,012.

जिनिंगवाल्यांसाठी आणखी एक. रुई काढणे, गाठी बांधणे ही कामे हंगामी धरली जातात, म्हणून अशा कारखान्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही. तिकडे खेपा मारू नका, थेट आयुक्तांकडे अर्ज करा. मुदत अपघातापासून दोन वर्षे. गुडघा सुटेल म्हणून वाट पाहायची असेल तर अर्ज टाकून मग पाहा; तपासणी नंतरही होते. मालकाने आधीच स्टँपपेपरवर काही लिहून घेतले असेल तर त्याने हक्क जात नाही.

विमा कंपनी अपिलात नागपूर खंडपीठात गेली. जाण्याआधी रक्कम भरावी लागते, आणि अपील फक्त महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर चालते. टक्के किती, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. त्यात आयुक्तांचा शब्द शेवटचा, असे 2016 च्या गोल्ला राजन्ना निकालात आहे. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा: खाली डॉक्टरांची साक्ष झाली नसेल, तर नागपूरला ती भरून निघत नाही.

अर्जात व्याज आणि दंड दोन्ही मागा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज सहसा विमा कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. दंडाची ओळ अर्जात आली की तारखेला मालक स्वतः हजर राहतो.