पाऊस आपोआप पडतो, गूळ आपोआप होत नाही!



सातवीतली एक मुलगी गुऱ्हाळाची सगळी माहिती मराठीत घडाघडा सांगायची, इंग्रजीच्या तासाला मात्र गप्प. मी तिला आधी शब्दार्थ पाठ करायला लावले. चूक माझीच होती. तिला हवा होता वाक्याचा सांगाडा.

मग वर्गात एकच प्रश्न विचारला : हे आपोआप होतं, की कुणी करतं?

पाणी तापतं, त्याची वाफ होते, वाफ वर जाते. हे आपोआप होतं, म्हणून साधा वर्तमानकाळ : 'वॉटर इव्हॅपोरेट्स.' 'व्हेपर राइझेस.'

गूळ मात्र माणूस करतो. ऊस गाळला जातो, काहिलीत रस उकळला जातो, मळी काढली जाते. इथे 'इज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप : 'द केन इज क्रश्ड.' 'द ज्यूस इज बॉइल्ड.' कोण करतं, हे सांगायची गरज नाही.

सुरुवातीला 'फर्स्ट', मध्ये 'देन', शेवटी 'फायनली' जोडलं की झाला परिच्छेद!

त्या मुलीने फळ्यासमोर उभं राहून सहा वाक्यं सांगितली. तुम्हीही घरच्या चहापासून सुरुवात करून बघा.