आज रात्री साडेनऊला लाइट कापणार म्हणे

अगं, घाबरू नकोस, आधी तो मेसेज नीट वाच. 'मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी संपर्क साधा' आणि खाली कुणाचातरी मोबाइल नंबर. बिल भरलेलं असूनही तुझ्या पोटात गोळा आला ना? तेवढ्यासाठीच तर रात्रीची वेळ घालतात. ऑफिसं बंद, विचारायचं कुणाला?

बिल खरंच थकलं असतं, तरी असं तासाभरात कुणी कनेक्शन तोडत नाही. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 56प्रमाणे आधी पूर्ण 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शंका वाटली तर महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकून बघ. मेसेजमधल्या नंबरवर मात्र फोन लावू नकोस.

लावलास तर पलीकडचा अगदी अदबीनं बोलेल. 'मॅडम, फक्त दहा रुपये भरा, रेकॉर्ड अपडेट होईल,' म्हणेल आणि एक अ‍ॅप घ्यायला लावेल. त्या अ‍ॅपमधून तुझी स्क्रीन त्याला दिसते. दहा रुपये भरताना तू टाकलेला पासवर्ड, आलेला ओटीपी, सगळं. मग खातं रिकामं व्हायला कितीसा वेळ लागतो!

मला खरी काळजी तुझ्या सासूबाईंची वाटते. त्यांचे पैसे गेले तर त्या कुणाला सांगणार नाहीत गं. लोक हसतील, मुलगा ओरडेल, म्हणून दोन दिवस गिळून बसतील. तेवढ्यात ते पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून हाती न लागण्यासारखे होतात. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर वाटेतल्या बँकेत ते अडवता येऊ शकतात. स्वतःच्या बँकेलाही त्याच वेळी कळवायचं, कारण कळवल्यानंतर पुढे जे जाईल, त्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची. म्हणून त्यांना आजच जवळ बसवून सांग, 'आई, काहीही झालं तरी आधी मला सांगा, मी रागावणार नाही.' आणि खरंच रागावू नकोस.

हो, हा मेसेज एवढ्यात खोडू नकोस. स्क्रीनशॉट घे, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये तक्रार टाक, मगच ब्लॉक कर.