विजेची दुचाकी आणि रस्त्याचे नियम
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ-टाचण)

हेतू.— तालुक्याच्या गावी विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आता सर्रास दृष्टीस पडतात. त्यांना पेट्रोल लागत नाही, आवाजही फारसा होत नाही. म्हणून त्या सायकलीसारख्याच आहेत व मुलांनी चालविल्यास हरकत नाही, असा समज अनेक पालकांत रूढ झाला आहे. हा समज सर्वस्वी खरा नाही आणि त्यापायी मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो. गाडी विजेवर चालते एवढ्यावरून ती नियमातून सुटत नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे हा या पाठाचा हेतू होय.

विषयप्रवेश.— शाळेच्या वाटेवर दिसणाऱ्या विजेच्या दुचाक्यांची नोंद मुलांस आदल्या दिवशी करावयास सांगावी. नोंदणी झालेल्या खाजगी गाडीस हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात. भाड्याने चालणाऱ्या गाडीची अक्षरे पिवळी असतात. काही गाड्यांस पाटीच नसते. ‘असे का?’ हा प्रश्न मुलांकडूनच यावा.

विवेचन.— केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे विजेची दुचाकी मोटार वाहन न समजण्यास तीन मुख्य अटी आहेत: मोटारीची शक्ती २५० वॅटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोग्रॅमपर्यंत. शिवाय मान्य चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केलेले असावे लागते. अशा गाडीस परवाना व नोंदणी लागत नाही. यांतील एक अट जरी मोडली, किंवा वेगाचे बंधन मागाहून काढून टाकले, तरी ती सवलत संपते. मग ती मोटार वाहनच ठरते आणि प्राथमिक शाळेच्या वयाच्या कोणत्याही मुलास ती चालविण्याचा परवाना मिळत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली घातलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधाबद्दल पालक किंवा गाडीचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

गणिताशी सांगड.— ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ७ मीटर. ताशी ४५ किलोमीटर म्हणजे साडेबारा मीटर. समोर वासरू आडवे आले असता ब्रेक दाबण्यापूर्वीच एक सेकंद निघून जातो, असे धरावे. मैदानावर चुन्याच्या दोन रेघांनी ही अंतरे आखून दाखवावी. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दुसऱ्या गाडीची धडक सव्वातीनपट जबर असते, हेही मुलांकडून काढवून घ्यावे. आवाज नसल्यामुळे पायी चालणाऱ्यास अशा गाडीची चाहूल लागत नाही, याचाही उल्लेख करावा.

स्थानिक नियम.— सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठराविक रस्त्यावर वाहनांस बंदी घालण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्यास आहे. माथेरानचे उदाहरण बोधप्रद आहे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता तेथे दस्तुरी नाक्यापलीकडे मोटार वाहनांस मज्जाव आहे. तेथे विजेच्या रिक्षादेखील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अनुमती दिल्यानंतरच प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. आपल्या गावच्या बाजारपेठेत व शाळेच्या रस्त्यावर कोणते फलक आहेत, ते मुलांनी वाचून यावे.

शिक्षकांस सूचना.— दूरच्या वाडीवरून एकाच गाडीवर तिघे येत असतील, तर त्यांस वर्गात उभे करून बोल लावू नये. शाळा दूर आहे आणि वाहन नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. पालकांस बोलावून गाडीची कागदपत्रे पाहावी, नियम शांतपणे समजावून द्यावा व मुलांच्या येण्याजाण्याची सोय पालकसभेत विचारार्थ मांडावी. जे शिक्षक दुचाकीने येतात त्यांनी स्वतः शिरस्त्राण घालावे. शंभर उपदेशांपेक्षा हा एक पाठ मुले लवकर शिकतात.

स्वाध्याय.— (१) परवाना न लागणाऱ्या गाडीच्या अटी लिहा. (२) ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात किती मीटर जाईल? (३) शाळेजवळच्या रस्त्याचा नकाशा काढून धोक्याच्या जागा दाखवा.