ट्रिगरमधील दिरंगाईचा शोध

बंदुकीच्या चापास इंग्रजींत ट्रिगर म्हणतात. डेटाबेसमधील ट्रिगरही तसाच. तक्त्यांत नोंद पडतांच तो आपोआप सुटतो व नेमून दिलेलें काम करितो. हें काम दृष्टीआड होत असल्यामुळें तें मंदावलें, म्हणजे दोषाचें मूळ चटकन् सांपडत नाहीं.

सोलापुरांतील एखादी चादरींची पेढी कल्पूं. 'विक्री' तक्त्यांत ओळ भरली, कीं ट्रिगर 'साठा' तक्त्यांत त्या क्रमांकाच्या गांठींतील शिल्लक कमी करितो. साठ्यांत २०,००० ओळी आहेत. गड्ड्याच्या यात्रेच्या हंगामांत १,००० ओळींची विक्री एकदम चढवावयास घेतली, तों संगणक थबकला आणि दुकानांतील गिऱ्हाईक खोळंबलें.

पेढीचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएल आहे असें समजूं. ह्या प्रणालीचा आरंभ १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कले येथें झाला. तींत 'एक्स्प्लेन अॅनालाइझ' ही आज्ञा आहे. ती विक्री खरोखरच भरते, म्हणून मागाहून 'रोलबॅक' करावयास विसरूं नये. तिच्याकडून कळतें तें एवढेंच: अमुक ट्रिगर १,००० वेळां चालला व त्यास इतका वेळ लागला. आंत काय घडलें, त्याविषयीं अवाक्षर नाहीं!

येथें पुष्कळजण ट्रिगरमधील वाक्य बाहेर काढून हातानें चालवितात. गांठ क्रमांक ४२१७ घातला, कीं उत्तर क्षणांत येतें; मग ते बिचाऱ्या यंत्रालाच बोल लावितात. ही घाई होय. त्यापेक्षां 'ऑटो एक्स्प्लेन' हें साहाय्यक अंग चढवावें, त्याची कालमर्यादा शून्य ठेवावी आणि 'लॉग नेस्टेड स्टेटमेंट्स' ही मुभा उघडावी. ती मुळांत बंद असते. मग दोनचार ओळी भरल्या, तरी आंतील प्रत्येक वाक्याची कार्ययोजना नोंदींत उतरते. आपल्या उदाहरणांत तेथें 'सीक् स्कॅन' दिसेल. म्हणजे गांठींच्या क्रमांकांची सूची, जिला इंडेक्स म्हणतात, ती असूनही प्रत्येक वेळीं सारा तक्ता चाळला गेला. १,००० वेळां २०,००० ओळी म्हणजे दोन कोटी ओळी झाल्या.

कारण बारीक आहे. साठ्यांतील क्रमांक 'इंटिजर' जातीचे. ट्रिगर लिहिणारानें मात्र आपलें चल 'न्यूमेरिक' जातीचें ठेविलें. तुलनेसाठीं प्रणाली प्रत्येक ओळींतील क्रमांक न्यूमेरिक करून घेते. सूची तर मूळच्या इंटिजर क्रमांकांची, म्हणून ती निरुपयोगी ठरते. हातानें लिहिलेला ४२१७ इंटिजरच मानला गेला होता, म्हणून ती परीक्षा फसवी. चलाची जात स्तंभावरूनच घेतली, कीं सूची पुन्हा कामीं येते. बाहेर परीक्षा करावयाचीच असेल, तर 'प्रिपेअर' आज्ञेनें वाक्यास न्यूमेरिक जातीचेंच मूल्य पुरवावें. मग तोच दोष तेथेंही उघडा पडतो.