सगळेच मागायला आलेले

सीएचा निकाल लागला की नव्याने पास झालेल्या मुलामुलींचे मला फोन येऊ लागतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, फायनान्सवाल्यांचा नेटवर्किंग इव्हेंट आहे, तिकीट काढू का?’ पूर्वी मी ‘जा, चार ओळखी होतील’ असं सांगून मोकळी व्हायचे. आता उलट विचारते, ‘तिथे देणारं कोण येणार आहे?’

हा प्रश्न मला सुचला तो अंधेरीतल्या एका हॉटेलात. तेव्हा मी एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये ऑडिट करत होते आणि कंपनीच्या आत, फायनान्शियल रिपोर्टिंगमध्ये, जायचं होतं. ‘नामांकित कंपन्यांचे सीएफओ आणि भरती करणारे प्रत्यक्ष भेटतील’ अशी जाहिरात होती. तिकीट माझ्या तेव्हाच्या पगाराच्या मानाने जडच होतं. दारात गळ्यात अडकवायला बिल्ला मिळाला, वर नाव, खाली कंपनी. समोरून येणारा प्रत्येक जण आधी छातीवरच्या बिल्ल्यातली खालची ओळ वाचायचा आणि मग, वाटलं तर, चेहऱ्याकडे बघायचा. माझ्या फर्मचं नाव वाचून नजरा पुढे सरकताना मला स्पष्ट दिसत होत्या. सीएफओ आले, अर्धा तास ‘लीडरशिप’वर बोलले आणि विमान गाठायचंय म्हणत बाजूच्या दाराने गेले. मग उरलो आम्हीच. एका हातात टूथपिक टोचलेल्या पनीरची प्लेट, दुसऱ्या हातात कार्डं. एका मुलाने आर्जवाने मला रेझ्युमे दिला, ‘तुमच्याकडे काही असेल तर बघा.’ माझ्या पर्समध्ये माझा रेझ्युमे होता आणि तो मी त्यालाच देणार होते.

देणारे अगदीच नव्हते असं नाही. फायनान्शियल मॉडेलिंगचा कोर्स विकणारे होते, विम्याचे एजंट होते. माझा नंबर नोंदणीच्या फॉर्मवरून त्यांच्याकडे आपसूक गेला आणि पुढे कित्येक आठवडे फोन येत राहिले. कोर्सची फी ईएमआयवर भरता येईल, पॉलिसीत टॅक्स वाचेल वगैरे. एका ‘कन्सल्टंट’ने तर मोठ्या बँकेत मुलाखत लावून देतो म्हणत आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करावा. भरतीचे पैसे कंपनी देते.

अशा मेळाव्यांत काय होतं हे तपासून पाहिलेलं आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इन्ग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी नोकरी करत एमबीए करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले आणि कोण कुणाशी बोलतं याची नोंद ठेवली. नव्या ओळखी करायला आलोय, असं लोकांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते बराच वेळ ओळखीच्याच माणसांशी बोलत राहिले. हा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये उभं राहून कुणीही हे फुकट सांगितलं असतं, पण असो.

माझी पुढची नोकरी मात्र ओळखीतूनच लागली, म्हणून हे सगळं झूट आहे असं मी म्हणणार नाही. झालं असं: १ एप्रिल २०१९पासून लीजचं नवं मानक, इंड एएस ११६, लागू झालं. तोपर्यंत ज्या दुकानांचं आणि ऑफिसांचं भाडं नुसतं खर्चात जात होतं, त्यांतली बहुतेक आता ताळेबंदात आणायची होती: एका बाजूला वापराच्या हक्काची मालमत्ता, दुसऱ्या बाजूला लीजचं देणं. बारा महिन्यांपर्यंतचे करार आणि किरकोळ किमतीच्या वस्तू यांना सूट. वाचायला सोपं, करायला बसलं की घाम फुटतो. करारात ‘भाडेकरूच्या मर्जीने आणखी तीन वर्षं’ असं लिहिलंय, तर मुदत किती धरायची? डिस्काउंटिंगला दर कोणता लावायचा? आमच्या स्टडी सर्कलमध्ये या विषयावर बोलायला कुणी तयार होईना, म्हणून माझ्या गळ्यात पडलं. शनिवारची संध्याकाळ, सीए इन्स्टिट्यूटच्या शाखेचा हॉल, आवाज करणारे पंखे, चहा आणि पार्ले-जी. सीपीईचे (सीएंच्या सक्तीच्या निरंतर शिक्षणाचे) तास मोजायला आलेले काही जण सही करून मध्यंतरात पसार झाले. प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सीएला तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात, त्यामुळे अशी गर्दी असतेच. जे मागे थांबले त्यांनी मात्र मला सोलून काढलं. एका ज्येष्ठ सरांनी माझ्या एक्सेल शीटमधला दर कुठून आणला यावरून चांगलंच धारेवर धरलं. ‘पुढच्या वेळी आधार घेऊन या,’ म्हणाले. मी आधार शोधून त्यांना मेल केला. पुढे त्यांच्या माहितीतल्या एका कंपनीला, जिची दुकानं गावोगावी भाड्याच्या जागेत होती, हेच काम करणारं माणूस हवं झालं. तेव्हा त्यांना मी आठवले.

सर माझे कुणी नव्हते. आमचं बोलणं झालं होतं तेही त्या दरापुरतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३चा गाजलेला लेख याच गोष्टीवर आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारा होता असं सांगणारे सहात एक निघाले. निम्म्याहून जास्त लोकांना ती बातमी अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली होती. पाहणी छोटी होती, पण कारण पटतं. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतंच.

आपल्या घरांतून वशिल्याची चीड असते आणि ती रास्त आहे. त्यामुळे अनेक मुलं या सगळ्यापासून लांब राहतात. पण सरांनी माझं काम पाहून, त्यातली चूक काढून मग नाव सुचवलं, याला वशिला म्हणता येणार नाही. स्टडी सर्कल, बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटीसारख्या जुन्या संस्थांची व्याख्यानं, निवासी अभ्यासवर्ग या ठिकाणी मध्ये एक विषय असतो. त्यावर बोलावं लागतं आणि कोण किती पाण्यात आहे ते दिसतं. जिथे विषयच नाही, तिथे फक्त बिल्ला बोलतो.

शिवाय प्रत्येक वाटेला अशा ओळखींची गरज नसते. बहुतेक सरकारी बँकांत प्रोबेशनरी ऑफिसर (पीओ) व्हायचं तर आयबीपीएसची परीक्षा आहे, रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी व्हायचं तर तिची स्वतंत्र परीक्षा. पंचतारांकित हॉटेलातल्या नेटवर्किंगच्या रात्रीचा तिथे काडीचा उपयोग नाही. नवा सीए असाल तर आधी इन्स्टिट्यूटच्या कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करा. प्रायव्हेट इक्विटी, इन्व्हेस्टमेंट बँकिंग, ट्रेझरी अशा लहान वर्तुळांत मात्र जागा अनेकदा बोलता बोलता भरतात, आणि वेल्थ मॅनेजमेंटमध्ये तर माणसं जोडणं हेच काम. तिथे जाणाऱ्याने या गोष्टीला नाक मुरडू नये.

आता धोक्याचं. आपल्या क्षेत्रात गप्पा मारण्यालाही कायदा आहे. ऑक्टोबरातल्या एका कार्यक्रमात हातात ग्लास घेतलेल्या एका गृहस्थांनी मला सहज विचारलं, ‘मग, क्वार्टर कसं गेलं?’ मी तेव्हा लिस्टेड कंपनीत होते, निकाल लागायचे होते. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास उलटेपर्यंत आमच्यासारख्यांची ट्रेडिंग विंडो, म्हणजे कंपनीच्या शेअरचे व्यवहार करण्याची मुभा, बंद असते. सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांत अशी अप्रकाशित माहिती देणं जसं बसत नाही तसं ती काढून घेणंही बसत नाही. दंड दहा लाखांपासून सुरू होतो आणि पंचवीस कोटी किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत जातो. ‘बरं चाललंय’ हेसुद्धा तिथे उत्तर नव्हे. मी पावसाचा विषय काढला. तुम्ही विचारणारे असाल तर असा प्रश्न विचारूच नका; समोरचा जाणता असेल तर तुमच्याविषयीचं त्याचं मत तिथेच ठरतं.

प्रॅक्टिसमधल्यांना आणखी एक कुंपण. सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागातल्या सहाव्या कलमानुसार काम मागत फिरणं हे गैरवर्तन आहे, आणि काम आणून देणाऱ्या बाहेरच्या माणसाला फीमधून कमिशन देण्यालाही दुसऱ्या कलमात मनाई आहे. दर आठवड्याला नाश्त्याला जमून एकमेकांना गिऱ्हाईकं देण्याचे जे क्लब निघालेत, त्यांत फी भरण्याआधी इन्स्टिट्यूटच्या ताज्या मार्गदर्शक सूचना वाचा. ‘सगळेच करतात’ हे शिस्तपालन मंडळापुढे चालत नाही.

एवढं ऐकूनही अशा मेळाव्याला जायचं ठरलं तर कार्डं कमी वाटा. दोघांशी नीट बोलणं झालं तरी संध्याकाळ सार्थकी लागली समजा. दुसऱ्या दिवशी त्यांना जे बोलणं झालं त्याच्याशी संबंधित काहीतरी पाठवा, एखादं परिपत्रक, एखादा निकाल. त्याच मेलला रेझ्युमे जोडू नका, तो त्यांनी मागितला की द्या. आणि तिकिटाचे पैसे भरण्याआधी, मागच्या वर्षी त्याच कार्यक्रमाला गेलेल्या कुणाला तरी गाठा आणि विचारा, की तिथे भेटलेल्यांपैकी आज तुझा फोन कोण उचलतं?