लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा : एक निरीक्षण-पाठ



उन्हाळी सुटी संपून शाळा भरली आहे. श्रीरामपूर तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कपाटातून लॅपटॉप काढला, बटण दाबले. पण पडदा काळाच राहिला. यंत्र गावाने लोकवर्गणीतून घेतलेले. मुलांची प्रगतिपत्रके व शिष्यवृत्तीच्या याद्या त्यातच. अशा वेळी "बिघडला" एवढे म्हणून ते पुन्हा कपाटात ठेवले जाते आणि मुले वर्षभर त्यास मुकतात. वास्तविक, यंत्र बंद पडणे म्हणजे त्यातील नोंदी नष्ट होणे नव्हे. आणि दोष कोठे आहे हे पुष्कळदा आपणांस क्रमाने शोधता येते.

हा क्रम आपल्या भागास नवा नाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून या तालुक्यात येते. शेवटच्या वाफ्यास पाणी पोचले नाही, तर शेतकरी वाफा उकरीत बसत नाही. तो पाटाच्या तोंडापासून चालत येतो व पाणी कोठे अडले ते पाहतो. आपणही तसेच करावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही.

१. भिंतीपासून यंत्रापर्यंत. ज्या सॉकेटला चार्जर लावला आहे, तेथे प्रथम टेबलपंखा लावून पाहावा. पंखा फिरला नाही, तर दोष लॅपटॉपचा नाही. फिरला, तर चार्जरची वायर कोठे तुटली आहे काय, पिन सैल बसते काय, हे पाहावे. चार्जर २३० व्होल्टची वीज बहुधा १९ ते २० व्होल्टवर आणतो. दुसरा चार्जर लावून पाहावयाचा झाल्यास त्यावर छापलेले व्होल्ट व पिन तंतोतंत जुळावी. अँपिअर तेवढेच वा अधिक असावेत. सुटीत बॅटरी पूर्ण उतरलेली असते. म्हणून चार्जर लावून तासभर थांबावे.

२. यंत्राच्या आत. एवढ्यानेही दिवा न लागल्यास चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी. सुरू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरावे. यामुळे आत उरलेला विद्युत्भार निघून जातो. नंतर केवळ चार्जर लावून यंत्र सुरू करून पाहावे.

३. दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळा. पडद्यावर तिरपा टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसल्यास पडद्यामागील प्रकाश गेला आहे. वर्गातील प्रोजेक्टर जोडून पाहावा. भिंतीवर चित्र उमटले, तर यंत्र ठीक असून दोष पडद्याकडे आहे. शिटीसारखे आवाज आल्यास किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकल्यास ते मोजून लिहून ठेवावे. दुरुस्ती करणारास त्यावरून दोष ओळखता येतो.

४. अक्षरे उमटतात, पण काम पुढे सरकत नाही. जोडलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करावे. विंडोज प्रणालीत दोन-तीन वेळा सुरुवात अडल्यास दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. तेथे 'स्टार्टअप रिपेअर' निवडावे. 'सर्व काही काढून टाका' अशा अर्थाचा पर्याय मात्र कधीही दाबू नये; त्याने मुलांच्या नोंदी जातील.

बॅटरी फुगली असेल, जळका वास येत असेल, यंत्रात पाणी गेले असेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर प्रयत्न तत्काळ थांबवून वीज बंद करावी. अशा यंत्रास हात लावणे जाणत्याचेच काम होय. दुरुस्तीस देताना चिठ्ठीवर लिहावे : "आधी नोंदींची प्रत काढावी, विचारल्याशिवाय काहीही पुसू नये." यंत्र मेले तरी त्यातील डिस्क शाबूत असल्यास ती दुसऱ्या यंत्रास जोडून नोंदी बहुधा वाचता येतात, ती कुलूपबंद केलेली असल्यास मात्र तिची कळ लागते.

हा शोध एकट्याने, दार लावून करू नये. पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर करावा. फळ्यावर तीन रकाने आखावेत : काय दिसले, काय केले, काय अनुमान काढले. विजेच्या जोडणीस मुलांनी हात लावू नये. नोंद मात्र त्यांनीच करावी. "गुरुजी, पंखा फिरला, म्हणजे सॉकेट चांगले आहे," असे एखादे मूल म्हणाले, की विज्ञानाचा पाठ साधला असे समजावे. यंत्र त्या दिवशी सुरू झाले नाही, तरीही तो साधलेलाच असेल.

शेवटी एक विनंती. दर महिन्याच्या अखेरीस नोंदींची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी. आणि सुटी लागण्यापूर्वी बॅटरी सुमारे निम्मी भरून यंत्र कोरड्या जागी ठेवावे. यंत्र गेले, तर गाव पुन्हा वर्गणी करील. परंतु मुलाची वर्षभराची नोंद पुन्हा कोठून आणणार?